डिस्क शाबूत, किल्ली हरवलेली: मोबाईल आणि लॅपटॉपचा परवडणारा बॅकअप

मे महिन्याचा दुसरा आठवडा. सोलापूरच्या पूर्व भागात माझ्या काकांचं शाळेच्या गणवेशांचं वर्कशॉप आहे. जूनच्या आत माल पोचवायचा असल्याने त्या दिवसांत तिथे कुणी धड जेवायलाही बसत नाही. एके सकाळी लाइट तीन-चारदा गेली, आली, आणि चार्जिंगला लावलेला लॅपटॉप त्यानंतर सुरूच होईना. दुरुस्तीवाल्याने उघडून बघितलं. मदरबोर्ड गेला होता, पण आतली डिस्क चांगली होती. "डेटा मिळून जाईल," तो म्हणाला आणि आमचा जीव भांड्यात पडला. तासाभराने त्याचाच फोन आला. डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली तर ती ४८ आकड्यांची किल्ली मागत होती.

"कसली किल्ली?" काकांनी मला विचारलं. "मी तर साधा पासवर्डबी टाकला नव्हता की गं."

हल्लीच्या बऱ्याच विंडोज लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होते. लॅपटॉप चोरीला गेला तरी चोराने डिस्क काढून आतलं वाचू नये, यासाठी ही सोय आहे. तिला बिटलॉकर म्हणतात. रोजच्या वापरात कुलूप उघडायचं काम लॅपटॉपमधलीच एक चिप गुपचूप करते, त्यामुळे आपल्याला पत्ता लागत नाही. बोर्ड गेला की ती चिपही गेली, मग किल्ली माणसाने द्यावी लागते. ही किल्ली सहसा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते. काकांचं खातं लॅपटॉप घेतला त्याच दिवशी दुकानातल्या मुलाने तिथल्या तिथे कुठल्यातरी ईमेलवर बनवून दिलं होतं. तो ईमेल कुणालाच आठवला नाही.

सतरा शाळांचे मापांचे तक्ते, भरतकामासाठी बनवलेले शाळांचे लोगो, तीन वर्षांच्या ऑर्डरी, टॅलीचा हिशेब. सगळं त्या डिस्कमध्ये आजही आहे, आणि ती डिस्क आजही कपाटात आहे. आम्ही ती फेकलेली नाही. मापं मात्र शाळाशाळांत जाऊन पुन्हा घ्यावी लागली, ऐन हंगामात.

वर्कशॉपचा हिशेब मी बघते, त्यामुळे पुढचे दोन महिने मी या एकाच विषयाच्या मागे लागले. परवडेल असा, आणि कामाच्या धांदलीतही टिकेल असा बॅकअप कसा ठेवायचा? आधी मी हार्ड डिस्कचे भाव बघत बसले होते, ते चुकलं. किती खर्च करायचा हे, परत न मिळणारं असं आपल्याकडे नेमकं किती आहे, त्यावरून ठरतं. ते मोजल्यावर आमचा खर्च निम्म्यावर आला.

आधी मोजमाप

काकांचा फोन १२८ जीबीचा आणि कायम "स्टोरेज फुल" ओरडणारा. मी त्याची झडती घेतली. ॲप आणि फोनची स्वतःची प्रणाली यांनी मोठा हिस्सा व्यापला होता. व्हॉट्सॲपने एकट्याने ३८ जीबी खाल्लं होतं, त्यात बहुतेक सुप्रभातचे फोटो, कीर्तनाचे व्हिडिओ आणि एकच लग्नपत्रिका अकरा ग्रुपमधून आलेली. काकांनी स्वतः काढलेले फोटो आणि व्हिडिओ होते २१ जीबी. लॅपटॉपमधलं कामाचं सगळं मिळून पुरतं ३ जीबीसुद्धा नव्हतं, कारण एक्सेलच्या फाइली अगदी लहान असतात. म्हणजे जपायचं होतं जेमतेम पंचवीस जीबी, आणि आम्ही विकत घ्यायला निघालो होतो दोन टीबी, म्हणजे साधारण दोन हजार जीबी.

झडती घेताना प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारायचा: हे उद्या गेलं तर दुसरीकडून मिळेल का? ॲप पुन्हा डाउनलोड होतात. सिनेमे मिळतात. आधार, वाहन परवाना, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका २०१५ साली सुरू झालेल्या डिजिलॉकरमधून पुन्हा काढता येतात, कारण त्यांची मूळ नोंद सरकारी कार्यालयाकडे असते. सातबारा महाभूलेखवरून निघतो. बँकेच्या आणि यूपीआयच्या ॲपमधले पैसे फोनमध्ये नसतातच, ते बँकेत असतात. हे सगळं बाजूला काढा.

मागे राहतं ते खरं आपलं. घरचे फोटो, स्वतः टाइप केलेलं, हिशेब, फोन नंबर, माणसांचे आवाज. व्यवसाय असेल तर हिशेबाकडे जास्त गांभीर्याने बघा. जीएसटीच्या कायद्यात वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशेबाची पुस्तकं जपायला सांगितलं आहे. लॅपटॉप सहा वर्षं टिकेलच असं कोण सांगणार?

फोन नंबरांचं एक वेगळं सांगते. आमच्या घरातल्या निम्म्या मोठ्या माणसांचे नंबर सिमकार्डात किंवा नुसत्या फोनमध्ये साठवलेले निघाले, गूगल खात्यात नव्हते. नंबर साठवताना फोन कुठे साठवायचा ते विचारतो आणि आपण जे पुढे येईल ते दाबतो. कॉन्टॅक्ट्समध्ये जाऊन ते गूगल खात्यात हलवले की पुढे फोन पाण्यात पडला तरी नवीन फोनमध्ये खातं टाकताच सगळे नंबर परत येतात. याला एक पैसाही लागत नाही, पाच मिनिटं लागतात. हा लेख वाचून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

दुसरी प्रत कशाला म्हणायचं

काकांनी तरुणपणी चादरीच्या कारखान्यात जॅकार्डवर काम केलंय. त्यामुळे त्यांना समजावताना मी तिथूनच सुरुवात केली. चादरीवरचा मोर कापडावर उतरतो तो पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या कार्डांमुळे. भोक आहे की नाही, एवढंच मशीन वाचतं, आणि कॉम्प्युटरही आतून शून्य आणि एक एवढंच वाचतो. कार्ड फाटलं तर काय करायचे, असं मी विचारलं. ग्राफवर काढलेलं डिझाइन असायचं, त्यावरून नवं कार्ड पाडायचे. आणि तो ग्राफ मशीनवरच टांगून ठेवला असता तर? "मग आगीत दोन्ही गेलं असतं," काका म्हणाले. बॅकअपचा अर्थ त्यांना तिथेच कळला. एकाचं जे होईल ते दुसऱ्याचं होऊ नये, अशा ठिकाणी ठेवलेली दुसरी प्रत.

या कसोटीवर आपण ज्याला बॅकअप म्हणतो त्यातलं बरंच काही टिकत नाही. फोन भरला म्हणून फोटो हार्ड डिस्कवर टाकले आणि फोनमधून उडवले, तर तो बॅकअप झाला नाही, फोटोंनी नुसतं घर बदललं. प्रत अजूनही एकच आहे. गूगल फोटोजमधल्या जागा मोकळी करण्याच्या बटणाचंही तसंच: ते दाबल्यावर फोटो फोनमधून जातात आणि फक्त गूगलकडे उरतात. जागा मिळते हे खरं, पण त्या क्षणापासून गूगलकडची प्रत हीच मूळ प्रत होते.

सर्वात मोठा गोंधळ सिंकबद्दल आहे. सिंक म्हणजे दोन ठिकाणच्या फाइली आपोआप सारख्या ठेवणं, म्हणजेच आरसा. कपाळावरचं गंध पुसलं की आरशातलंही जातं. सिंक चालू असलेल्या फोनमध्ये गूगल फोटोजमधून फोटो डिलीट केला तर तो सगळीकडूनच जातो. त्यातल्या त्यात दिलासा म्हणजे बॅकअप झालेला फोटो ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतो, गूगल ड्राइव्हमधली फाइल ३० दिवस. नातवाने मोबाईल खेळताना काय उडवलं हे आपल्या लक्षात यायला तीन महिने लागले तर या मुदतीचा उपयोग नाही.

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकी छायाचित्रकाराने यासाठी एक हिशेब रूढ केला. तीन प्रती ठेवायच्या, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. फोन किंवा लॅपटॉपमधली मूळ ही पहिली प्रत धरायची, म्हणजे जास्तीच्या दोनच लागतात. एक घरातल्या डिस्कवर आणि एक दूर कुठेतरी. दूर म्हणजे गूगल किंवा ॲपलच्या सर्व्हरवर, नाहीतर सरळ पुण्यातल्या भावाच्या कपाटात. सोलापुरात ज्याचं कुणी पुण्याला नाही असं घर शोधावं लागेल, तर त्याचा उपयोग करून घेऊ या.

पैशाचा हिशेब

गूगलच्या प्रत्येक खात्याला १५ जीबी जागा फुकट मिळते. मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही मिळून. १ जून २०२१ पूर्वी थोडे आकसलेले फोटो या मोजणीत धरत नसत, त्यानंतरचे सगळे धरतात. म्हणूनच अनेकांना "पूर्वी तर चालायचं, आता का भरतंय" असा प्रश्न पडतो. ॲपल ५ जीबी देतं, मायक्रोसॉफ्टचं वनड्राइव्हही ५ जीबी. काकांचं ३ जीबी काम आणि सगळे नंबर या फुकटातल्या १५ जीबीत आरामात बसले. कामाच्या कागदपत्रांसाठी बहुतेक छोट्या धंद्यांना एवढं पुरतं. त्यासाठी पैसे भरण्याची घाई करू नका.

फोटो मात्र बसत नाहीत. गूगलचा १०० जीबीचा प्लॅन साधारण १३० रुपये महिना किंवा १,३०० रुपये वर्षाला पडतो, ॲपलचा ५० जीबीचा ७५ रुपये महिना. गूगलची घेतलेली जागा घरातल्या आणखी पाच जणांत वाटून वापरता येते, आणि वाटली म्हणून एकमेकांचे फोटो दिसत नाहीत. एकत्र कुटुंबात हा सौदा चांगला आहे. आमच्याकडे चार जण मिळून भरतात, म्हणजे माणशी वर्षाला सव्वातीनशे रुपये.

एक टीबीची बाहेरून जोडायची हार्ड डिस्क पाच हजारांच्या आसपास येते, भाव वरखाली होत असतो. ती चार-पाच वर्षं टिकेल असं धरलं तर वर्षाला हजार-बाराशे रुपये, आणि जागा दहापट. गूगलकडेच दोन टीबी घ्यायचं म्हटलं तर वर्षाला ६,५०० रुपयांच्या आसपास जातं. म्हणजे माल जास्त असेल तर डिस्क स्वस्त. पण नुसता जीबीचा भाव बघू नका. डिस्क जोडायची आठवण माणसाला ठेवावी लागते, क्लाउड, म्हणजे गूगल-ॲपलच्या सर्व्हरवरची जागा, आपलं आपण चालतं आणि ते घराबाहेर असतं. दोघांची कामं वेगळी आहेत. लग्नाचे व्हिडिओ, वर्षानुवर्षांचे फोटो डिस्कवर. रोज बदलणारं कामाचं आणि यंदाचे फोटो क्लाउडवर. माझ्या मते मध्यमवर्गीय घराला एक डिस्क आणि वाटून घेतलेलं १०० जीबी पुरेसं आहे. फोटो शंभर जीबीच्या बरेच पुढे गेले असतील तर मोठा प्लॅन घेण्यापेक्षा दोन डिस्क घ्या.

नवी डिस्क लॅपटॉपला जोडल्यावर एक टीबीऐवजी ९३१ जीबी दिसेल. फसवणूक झालेली नाही. बनवणारे हजाराने मोजतात आणि विंडोज १,०२४ ने.

खरी फसवणूक वेगळी असते. पाचशे-सातशे रुपयांत दोन टीबीचा पेनड्राइव्ह कुठे दिसला तर घेऊ नका. त्यातली चिप खरी जागा लपवून कॉम्प्युटरला खोटा आकडा सांगते. फाइली जाताना दिसतात, नावंही दिसतात, आणि महिन्याने उघडायला गेलं की आत काही नसतं. शंका असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकटचं साधन पूर्ण जागा भरून, परत वाचून खरं-खोटं सांगतं. चांगल्या कंपनीचा पेनड्राइव्हही फाइल इकडून तिकडे न्यायला आहे, वर्षानुवर्षं साठवायला नाही. पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) यांच्यात माहिती बारीक विद्युतभाराच्या रूपात अडकवलेली असते. वीज न जोडता वर्षानुवर्षं पडून राहिली तर तो भार हळूहळू झिरपतो, आणि उष्णतेत लवकर झिरपतो. जुन्या लॅपटॉपमधली चालू हार्ड डिस्क तुमच्याकडे असेल तर काही शे रुपयांच्या केसिंगमध्ये (केबलने जोडता येणाऱ्या डबीत) घालून तिसरी प्रत म्हणून वापरा, एकुलती प्रत म्हणून नको. क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकटच्या प्रोग्रॅममध्ये तिची तब्येत आधी बघून घ्या.

व्हॉट्सॲप आणि काकूंचा आवाज

काकू जाऊन दोन वर्षं झाली. त्यांना टाइप करायला जमायचं नाही, त्यामुळे त्या सगळं बोलूनच पाठवायच्या: भाजी काय आणायची, शेंगाचटणी कुणाच्या हाताने पाठवली, पाणी आजच येणार आहे. काकांच्या फोनमध्ये असे कितीतरी मेसेज होते. फोटोंचा बॅकअप चालू आहे म्हणून काका निश्चिंत होते. पण गूगल फोटोज फक्त फोटो आणि व्हिडिओ घेतं. आवाजाच्या फाइली, पीडीएफ, कॉलचं रेकॉर्डिंग यांना ते हातही लावत नाही. हे मला कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

व्हॉट्सॲपचा स्वतःचा बॅकअप सेटिंग्जमध्ये चॅट्सखाली असतो. अँड्रॉइडवर तो गूगलकडे जातो, आणि २०२४ पासून तो त्याच १५ जीबीत मोजला जातो. म्हणून त्यातून व्हिडिओ वगळायचा पर्याय चालू करा, बॅकअपचा आकार एकदम खाली येतो. त्याआधी ग्रुपमधला कचरा साफ करा. व्हॉट्सॲपच्याच स्टोरेज सेटिंगमध्ये कुठल्या ग्रुपने किती जागा खाल्ली ते उतरत्या क्रमाने दिसतं. गूगल फोटोजमध्येही व्हॉट्सॲपच्या फोल्डरचा बॅकअप बंद ठेवा, नाहीतर तुमचे पैसे सुप्रभातचे फोटो जपण्यात जातील.

या बॅकअपला कुलूप लावायची सोय २०२१ च्या ऑक्टोबरात आली. ती चालू केली तर पासवर्ड किंवा ६४ खुणांची किल्ली मिळते, आणि ती हरवली तर व्हॉट्सॲपसुद्धा तो बॅकअप उघडून देऊ शकत नाही. सोय चांगली आहे, पण किल्ली कागदावर उतरवणार असाल तरच वापरा.

जिवाभावाचे आवाज मात्र एवढ्यावर सोडू नका. फोन केबलने लॅपटॉपला जोडा, अँड्रॉइड नावाच्या फोल्डरमध्ये मीडिया, त्यात व्हॉट्सॲपचं फोल्डर, आणि आत व्हॉइस नोट्स. ते अख्खं उचलून डिस्कवर ठेवा. या साध्या आवाजाच्या फाइली आहेत, फुकटच्या व्हीएलसी प्लेअरमध्येही वाजतात. अडचण अशी की त्यांची नावं नुसते आकडे असतात, कुणाचा आवाज ते कळत नाही. म्हणून काका आणि मी तीन रविवार बसून काकूंच्या फाइली ऐकून वेगळ्या केल्या. शेकड्याने होत्या. सगळं मिळून एका सिनेमाएवढीही जागा त्यांना लागली नाही.

लॅपटॉपवर काय चालू करायचं

विंडोजमध्ये फाइल हिस्टरी नावाची सोय आधीपासूनच असते, कंट्रोल पॅनलमध्ये शोधा. बाहेरची डिस्क जोडून ती एकदा चालू केली की डिस्क जोडलेली असेपर्यंत दर तासाला बदललेल्या फाइली त्यावर जातात, आणि जुन्या आवृत्त्याही राहतात. मागच्या मंगळवारी दर बदलण्याआधीचं कोटेशन हवं असेल तर ते सापडतं. मॅकवर हेच काम टाइम मशीन करतं आणि फार छान करतं.

मला स्वतःला फ्रीफाईलसिंक जास्त आवडतं. तेही फुकट. एका बाजूला लॅपटॉपचं फोल्डर, दुसऱ्या बाजूला डिस्कवरचं, आणि काय काय जाणार हे ते आधी दाखवतं. त्यात "मिरर" आणि "अपडेट" असे दोन प्रकार आहेत. मिरर निवडलं तर लॅपटॉपवर उडवलेली फाइल डिस्कवरूनही उडते, परत तो आरसाच. अपडेट निवडा. त्यात नवं आणि बदललेलं तेवढं जातं, डिस्कवरचं पुसलं जात नाही.

नवा लॅपटॉप घेतल्यावर विंडोज डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हला जोडायला सुचवतं. आपण होकार दिला की ५ जीबी चार दिवसांत भरतं आणि त्यानंतरच्या फाइली वर जायच्या थांबतात. टास्कबारमधल्या ढगाच्या चिन्हावर इशारा येतो, तो कुणी बघत नाही. एकतर फक्त कामाचं फोल्डर तिथे ठेवा, नाहीतर ते बंद करा. टॅली वापरत असाल तर त्यात स्वतःचा बॅकअपचा पर्याय आहे, तोच वापरा. नुसतं फोल्डर कॉपी करायचं असेल तर आधी टॅली बंद करा, कारण चालू हिशेबाची अर्धवट प्रत पुढे उघडेलच याची खात्री नसते.

काम झालं की डिस्क काढून ठेवा. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने दीडशेच्या वर देशांतले कॉम्प्युटर कुलूपबंद करून खंडणी मागितली. असे व्हायरस त्या वेळी जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही सोडत नाहीत. कपाटातल्या डिस्कपर्यंत ते पोचू शकत नाहीत.

मोबाईलच्या डेटावर क्लाउड बॅकअप करणाऱ्यांनी पहिल्या खेपेचा अंदाज घ्या. रोज दीड जीबी मिळत असेल तर काकांच्या २१ जीबीला, दुसरं काहीही न बघता, दोन आठवडे लागले असते. त्यांचा फोन दोन रात्री माझ्या घरच्या वायफायवर ठेवला आणि काम झालं. पुढे रोजचं थोडंथोडं जातं, ते डेटा पॅकवरही निभतं.

सोलापूरचा उन्हाळा

हार्ड डिस्कच्या आत काचेसारख्या गुळगुळीत तबकड्या मिनिटाला ५,४०० फेऱ्यांनी फिरत असतात आणि त्यांच्यावरून वाचणारी सुई केसाच्या जाडीच्याही कितीतरी कमी उंचीवर तरंगत जाते. ती तबकडीला टेकत नाही, आणि टेकली तर तिथली माहिती खरवडली जाते. म्हणून चालू डिस्क उचलू नका, मांडीवर ठेवू नका, केबल ताणली जाईल अशी टेबलाच्या कडेला ठेवू नका. टक-टक असा आवाज यायला लागला तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. ताबडतोब काढून ठेवा. प्रत्येक प्रयत्नात उरलेलं खरवडलं जातं.

काही पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात ३५ अंशांपर्यंतच वापरा असं स्पष्ट लिहिलेलं असतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये तर त्याहून जास्त. काकांची डिस्क आधी वर्कशॉपच्या माळ्यावर ठेवायचं ठरत होतं, मी नको म्हटलं. आता ती घरी लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात असते, आणि उन्हाळ्यात बॅकअप पहाटे घेतो. दर अमावास्येला वर्कशॉपमधल्या मशीनची साफसफाई आणि तेलपाणी होतं, त्याच दिवशी डिस्क जोडायची असं ठरवल्यापासून एकही महिना चुकलेला नाही. नवी सवय लावण्यापेक्षा जुन्या सवयीला बांधलेली बरी.

किल्ल्यांचा कागद

आमचा डेटा गेला तो डिस्कअभावी गेला नाही, किल्लीअभावी गेला. म्हणून एक कागद करा. विंडोज लॅपटॉप असेल तर त्याची ४८ आकड्यांची बिटलॉकर किल्ली आजच, लॅपटॉप चालू असताना, मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन उतरवून घ्या. खातं कुठल्या ईमेलवर आहे तेही लिहा. गूगल खात्यात सुरक्षेच्या पानावर बॅकअप कोड मिळतात, आठ आकड्यांचे दहा. फोन हरवला की ओटीपी येणारं सिमही हरवलेलं असतं, आणि खात्यात बॅकअप असूनही आत जाता येत नाही. तेव्हा हे कोड दार उघडतात. व्हॉट्सॲपच्या बॅकअपला कुलूप लावलं असेल तर त्याची किल्लीही इथेच. आणि जे खातं फक्त साठवणीसाठी काढलंय ते अधूनमधून उघडत राहा. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल काढून टाकू शकतं.

हा कागद फोनमध्ये फोटो काढून ठेवू नका. काकांनी तो घराच्या खरेदीखताच्या फाइलीत ठेवलाय, दुसरी प्रत पुण्यातल्या चुलतभावाकडे आहे. कागद कुठे आहे हे वहिनीलाही माहीत आहे, कारण सगळं एकाच माणसाच्या डोक्यात असलं तर तीही एकच प्रत झाली.

बॅकअप घेतला म्हणजे झालं असं मी मानत नाही, तो परत काढून बघेपर्यंत. तीन महिन्यांतून एकदा आम्ही डिस्क दुसऱ्याच कुणाच्या तरी लॅपटॉपला जोडतो आणि तीन गोष्टी उघडतो: एक जुना फोटो, एक हिशेबाची फाइल, एक आवाज. पहिल्याच वेळी कळलं की डिस्क मॅकच्या पद्धतीने फॉरमॅट झाली होती आणि विंडोजला ती दिसतच नव्हती. एक्सफॅट पद्धतीने पुन्हा फॉरमॅट केली, ती दोन्हीकडे चालते.

यंदा जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या यात्रेला, चुलतभाऊ पुण्याहून आला तेव्हा त्याच्याकडची डिस्क घेऊन आला. इथली तिकडे, तिथली इकडे, अशी वर्षातून दोनदा अदलाबदल आम्ही ठरवली आहे, गड्ड्याला आणि दिवाळीला. नंदीध्वजांची मिरवणूक बघून सगळे घरी आल्यावर वहिनीने कुणाची मदत न घेता डिस्क जोडली, एका शाळेच्या पाचवीच्या मुलांचा मापांचा तक्ता उघडला आणि वाचायला लागली. काकांनी चष्मा लावून रजिस्टर पुढे घेतलं. छाती, उंची, कंबर, एकेक आकडा ते बोटाने ताडून बघत गेले. शेवटच्या ओळीपर्यंत सगळे जुळले. मग त्यांनी वहिनीला काकूंचं फोल्डर उघडायला सांगितलं.